काटा की आकडा?

मोटारसायकलचे इंजिन उघडले आहे. सिलिंडर झिजला असेल तर तो रिबोअर करून मोठा पिस्टन बसवावा लागेल. नसेल तर तो खर्च वाचेल. निर्णय काही शतांश मिलिमीटरवर आहे, कारण पिस्टन व सिलिंडर यांमधली फटच मुळी तेवढी असते. माप कशाने घ्याल?

"डिजिटल कॅलिपरने, त्यावर ०.०१ मि.मी.पर्यंत आकडा दिसतो," असे तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. पण उपकरण किती लहान फरक दाखवते हे त्याचे लघुतम माप. दाखवलेला आकडा कितपत खरा, ही अचूकता. साधारण डिजिटल कॅलिपरच्या मापात ०.०२ मि.मी.ची चूक सहज असू शकते. शिवाय त्याची मोजपट्टी एका रेषेत आणि वस्तू दुसऱ्या रेषेत असते. सरकता जबडा किंचित कलला की माप चुकते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० साली हे तत्त्व मांडले. स्क्रू गेजमध्ये वस्तू व स्क्रू एकाच रेषेत येतात. म्हणून पिस्टन स्क्रू गेजनेच मोजावा. तो डिजिटल असला तर उत्तम. अर्धा मिलिमीटर मिळवायला विसरण्याची चूक तरी टळते. (प्रात्यक्षिक परीक्षेत ती किती जण करतात, हे शिक्षकांना विचारा!)

सिलिंडरचे मात्र निराळे आहे. वरची रिंग जेथून परत फिरते तेथे तो सर्वांत जास्त झिजतो, तोही क्रँकशाफ्टच्या आडव्या दिशेला अधिक. भोक लंबगोल होते. कॅलिपरचे जबडे टेकतात अगदी तोंडाशी. तेथे रिंग पोचतच नाही, म्हणून झीजही जवळजवळ नसते. तुम्हाला माप मिळेल ते नव्या सिलिंडरचे!

येथे काट्याचा बोअर गेज हवा. स्क्रू गेजवर त्याचे शून्य जुळवा, तो आत सोडा आणि पुढे-मागे हळूच झुलवा. तिरपी रेषा व्यासापेक्षा लांब असते, म्हणून काटा एका टोकापर्यंत जाऊन मागे वळतो. तो वळतो तेथे खरा व्यास. हे वळण डोळ्याला चटकन दिसते. भराभर बदलणाऱ्या आकड्यांतून लहानात लहान आकडा हेरणे कठीण. किमान माप लक्षात ठेवणारे डिजिटल गेज मिळतात, पण ते महाग.

आणखी एक. ॲल्युमिनियम दर अंशाला सुमारे २३ दशलक्षांश प्रसरण पावते. ५० मि.मी. व्यासाचा पिस्टन २० अंशांनी गरम असेल तर ०.०२३ मि.मी. मोठा भरेल. म्हणून पिस्टन, सिलिंडर आणि गेज मोजण्यापूर्वी काही तास एकाच खोलीत, उन्हापासून दूर ठेवावेत.