बोर्डिंगची घंटा आणि डॉन बॉस्को यांचे पत्र

मननासाठी शास्त्रपाठ: तीमथ्याला दुसरे पत्र ३:१४-१५, मार्क १०:१३-१६



मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेली चार माणसे एकत्र आली की गप्पा कुठे जातात हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आधी पहाटेची घंटा निघते. मग थंड पाण्याची आंघोळ, पेंगत ऐकलेली मिस्सा, गुडघे दुखेपर्यंत चाललेली रोझरी, उपवासकाळातल्या शुक्रवारची क्रुसाची वाट. शनिवारी पापनिवेदनासाठी लागलेली रांग आणि त्या रांगेत 'आज काय सांगायचे रे?' असे शेजाऱ्याला विचारणे, हेही निघते. सगळे पोट धरून हसतात. हसू ओसरले की एखादा हळूच म्हणतो, "काही म्हणा, त्या सवयीनेच पुढे तारले." आणि दुसरा तितक्याच हळू म्हणतो, "मी मात्र बोर्डिंग सुटले तेव्हाच चर्चही सोडले. तिथे इतकी प्रार्थना झाली की पुन्हा नको वाटली."

घंटा एकच, मंदिर एकच, वेळापत्रकही एकच. तरी एकाच्या हाती श्रद्धा आली आणि दुसऱ्याच्या हाती कंटाळा. असे का झाले? हा प्रश्न बोर्डिंगपुरता नाही. आपल्या घरातली सायंप्रार्थना आणि आपल्या धर्मग्रामातले धर्मशिक्षणाचे वर्ग यांनाही तो लागू होतो. या प्रश्नाचा विचार ज्या संताने आयुष्यभर केला, त्या संत जॉन बॉस्को यांच्याकडून आज आपण काही शिकू या. इटलीमध्ये धर्मगुरूंना आदराने 'डॉन' म्हणतात, म्हणून जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते. मुंबईकरांना माटुंग्याचे त्यांच्या नावाचे हायस्कूल आणि शेजारचे मरियामातेचे मंदिर परिचयाचे आहेच.

१. स्वतः विद्यार्थी असताना

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे वडील वारले. आई मार्गारेट हिने कष्ट करून मुलांना वाढवले आणि प्रार्थनाही तिनेच शिकवली. १८३५ मध्ये ते किएरी गावच्या सेमिनरीत दाखल झाले आणि १८४१ पर्यंत तिथे राहिले.

पुढे पोप नववे पायस यांच्या आज्ञेवरून त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्यांत सेमिनरीविषयी दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट दुःखाची. वरिष्ठांवर त्यांचे प्रेम होते, पण वरिष्ठ दूर होते. रेक्टरांची भेट सुट्टीवरून परतल्यावर, सुट्टीला निघताना किंवा काही चूक झाली तर. एखादे वरिष्ठ समोरून येताना दिसले की मुले बाजूला पळत. कुणाशी तरी मनातले बोलावे ही त्यांची तळमळ तशीच राहिली.

दुसरी गोष्ट ओढीची. त्या काळी सेमिनरीत ख्रिस्तप्रसाद रविवारी आणि सणाच्या दिवशी मिळे. आठवड्यात इतर दिवशी तो घ्यायचा तर न्याहारीच्या वेळी गुपचूप शेजारच्या सेंट फिलिप चर्चमध्ये जावे लागे. न्याहारी बुडे आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोट रिकामे राही. नियमाने याला मनाई होती, पण वरिष्ठ पाहूनही न पाहिल्यासारखे करीत. बॉस्को वारंवार असे जात. आपल्या पाचारणाला सर्वांत जास्त बळ यातूनच मिळाले, असे त्यांनी नमूद केले आहे.

जरा विचार करा. वेळापत्रकात लिहिलेल्या कितीतरी प्रार्थना त्यांनी केल्या असतील. पण म्हातारपणी त्यांना आठवला तो स्वतःच्या इच्छेने, भूक सोसून घेतलेला ख्रिस्तप्रसाद. आणि खुपत राहिली ती वरिष्ठांनी न दिलेली जवळीक.

२. वाल्दोक्कोचे घर

१८४१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते तुरिन शहरात काम करू लागले. खेड्यापाड्यांतून कामासाठी आलेली मुले तिथे गवंड्यांच्या हाताखाली राबत, रस्त्यावर भटकत, काही तुरुंगात जात. अशा मुलांना रविवारी गोळा करून ते खेळ, धर्मशिक्षण आणि मिस्सा यांची सांगड घालू लागले. कित्येकदा जागा बदलावी लागली. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक पडवीवजा शेड मिळाली. त्याच वर्षी त्यांची आई गावचे घर सोडून त्यांच्या मदतीला आली. १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दाराशी आला. त्याला त्यांनी ठेवून घेतले. वाल्दोक्कोचे बोर्डिंग सुरू झाले ते असे.

या घरात धार्मिक जीवन भरपूर होते. रोज मिस्सा, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, जपमाळ, पवित्र साक्रामेंताची भेट. महिन्यातून एक दिवस चांगल्या मरणाच्या तयारीचा असे. त्या दिवशी मुले पापनिवेदन करीत आणि जणू हा शेवटचाच दिवस आहे अशा रीतीने आपल्या वस्तू व मन दोन्ही आवरून ठेवीत. रात्रीच्या प्रार्थनेनंतर डॉन बॉस्को स्वतः दोन-चार मिनिटे बोलत. दिवसभरात काय घडले, उद्या काय आहे, एखादी गोष्ट, एखादा सल्ला, आणि मग 'शुभरात्री'. सालेशियन संस्थांमध्ये ही प्रथा आजही आहे.

पण हेच डॉन बॉस्को दुपारी मैदानावर मुलांबरोबर धावत. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि खेळात भिडू असलेला माणूस एकच होता. म्हणून मुलाला पापनिवेदनाची भीती वाटत नसे. १८७७ मध्ये त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहिली. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन आधार. वारंवार पापनिवेदन, वारंवार ख्रिस्तप्रसाद आणि रोजची मिस्सा यांना त्यांनी या घराचे खांब मानले. पण तिथेच एक इशाराही दिला. मुलांना संस्कारांसाठी कधीही जबरदस्ती करू नये, त्यांना उत्तेजन द्यावे आणि सोय करून द्यावी. ज्यांच्या शाळेत रोज मिस्सा होती, तेच हे सांगत आहेत!

या घरातच संत डॉमिनिक सावियो घडला. तो १८५४ मध्ये, बारा वर्षांचा असताना इथे आला. संत व्हायचे म्हणून त्याने कडक तपश्चर्या सुरू केली, तेव्हा डॉन बॉस्को यांनी ती थांबवली. आनंदी राहा, आपले काम नीट करा, प्रार्थना करा आणि सोबत्यांना मदत करा, ही वाट त्यांनी दाखवली. १८५६ मध्ये डॉमिनिकने मित्रांना घेऊन निष्कलंक मरियेच्या नावाने एक संघ स्थापला. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या मुलांना जवळ करणे हे त्या संघाचे एक काम होते. ९ मार्च १८५७ रोजी, पंधरा वर्षेही पूर्ण होण्याआधी, तो देवाघरी गेला. १९५४ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून घोषित केले.

३. कॉफीचे पेले

२४ जून १८७० रोजी, बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाला, काही माजी विद्यार्थी वाल्दोक्कोला आले. त्यांचा पुढारी कार्लो गास्तिनी. लहानपणी तो न्हाव्याच्या दुकानात हाताखाली काम करी. तिथेच त्याची आणि डॉन बॉस्को यांची ओळख झाली होती. या तरुणांनी आपल्या गुरूंना त्यांच्या नामदिनी कॉफीच्या पेल्यांचा संच भेट दिला. भेट साधी होती. पण दरवर्षी यायचे असे ठरले, आणि जगभर पसरलेली सालेशियन माजी विद्यार्थ्यांची संघटना या भेटीपासून आपला आरंभ मोजते.

कष्टाची कामे करणारी ही माणसे का आली असतील? शिस्त आठवली म्हणून कुणी पेले घेऊन येत नाही. आपल्याला कुणी तरी आपले मानले होते, हे आठवते म्हणून माणूस परत येतो.

४. रोमहून आलेले पत्र

आता मुख्य गोष्टीकडे वळू या. १८८४ च्या मे महिन्यात डॉन बॉस्को रोममध्ये होते. वय ६८, प्रकृती खालावलेली. तिथून १० मे या तारखेचे एक पत्र वाल्दोक्कोला गेले. ते लिहून काढले त्यांचे चिटणीस फादर लेमॉइन यांनी. पत्रात त्यांनी पाहिलेले एक स्वप्न आहे, आणि त्या स्वप्नात दोन माजी विद्यार्थी येतात.

पहिला वाल्फ्रे. तो १८७० पूर्वीचे मैदान दाखवतो. मुले धावत आहेत, उड्या मारत आहेत, गात आहेत. एके ठिकाणी एक धर्मगुरू गोष्ट सांगत आहेत, दुसरीकडे एक ब्रदर मुलांमध्ये मिसळून खेळत आहेत. मुले आणि वरिष्ठ यांच्यात मोकळेपणा आहे.

मग दुसरा येतो, पांढऱ्या दाढीचा जोसेफ बुझेत्ती. तो १८८४ चे मैदान दाखवतो. आवाज नाही, गाणे नाही. कुणी खांबाला टेकून उदास उभा आहे, कुणी जिन्यावर एकटा बसला आहे, काही जण घोळक्याने हळू आवाजात बोलत इकडेतिकडे पाहत आहेत. वरिष्ठ आहेत, पण ते आपसांत बोलत फेऱ्या मारीत आहेत. डॉन बॉस्को यांना वाईट वाटते. बुझेत्ती त्यांना सांगतो की मुलांना संस्कार घेताना जो थंडपणा येतो, मंदिरात बसून जी टाळाटाळ होते, तिचे मूळ इथे, या मैदानात आहे.

'पण माझे सहकारी तर मुलांसाठी झिजत आहेत, त्यांचे मुलांवर प्रेम आहेच ना?' या अर्थाचा प्रश्न डॉन बॉस्को विचारतात. उत्तर असे मिळते की प्रेम असणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम आहे, हे मुलांना स्वतःला कळले पाहिजे. पूर्वी मुले वरिष्ठांना वडील, भाऊ, मित्र मानीत. आता त्यांना फक्त वरिष्ठ मानतात, त्यांना भितात आणि त्यांच्यावर प्रेम थोडे करतात. जे शिक्षक फक्त वर्गात दिसतात ते शिक्षकच राहतात. तेच मुलांच्या खेळात आले तर भावासारखे होतात. ख्रिस्त लहानांबरोबर लहान झाला, हा त्याचा आदर्श.

म्हणजे मंदिरातला रोग वेदीपाशी सुरू झालेला नव्हता. तो मैदानात सुरू झाला होता.

५. आपल्यासाठी बोध

पहिला बोध: हजेरी आणि श्रद्धा या दोन गोष्टी आहेत. मुलाला मिस्सेला आणणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे, सवय लावणेही चांगले आहे. पण मुलाला प्रार्थनेची स्वतःची अशी एक वाट सापडली पाहिजे. संत पौल तीमथ्याला, जे शिकलास त्यात टिकून राहा असे सांगताना, ते कोणाकडून शिकलास याचीही आठवण ठेवायला सांगतो. शिकवण माणसासकट लक्षात राहते.

दुसरा बोध: मैदानात कुणी तरी असले पाहिजे. धर्मशिक्षण देणाऱ्यांनी वर्गाआधी आणि वर्गानंतर दहा मिनिटे मुलांमध्ये घालवली तर धडा अधिक पोहोचेल. बाबांनी रोझरीपुरतेच नव्हे, तर रोझरीआधीही मुलाशी दोन शब्द बोलावेत.

तिसरा बोध: ज्यांना बोर्डिंगमध्ये भीती, मार किंवा अपमान सोसावा लागला, त्यांच्या आठवणी हसण्यावारी नेऊ नयेत. 'आम्हीही मार खाल्ला, काही बिघडले नाही' असे म्हणून त्यांचे तोंड बंद करू नये. डॉन बॉस्को यांची जवळीक उघड्या मैदानातली, सर्वांच्या डोळ्यांदेखत होती. मुलांच्या सुरक्षेसाठी ख्रिस्तसभेने आज कडक नियम केले आहेत. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारींची दखल घेण्याची पद्धत जगभरच्या धर्मप्रांतांना घालून दिली. या नियमांनी प्रेम कमी होत नाही. उलट मूल निर्धास्तपणे जवळ येऊ शकते.

चौथा बोध माजी विद्यार्थ्यांसाठी. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य मेळाव्यात अनेकदा ऐकू येते. वाल्फ्रे आणि बुझेत्ती हेही जुने दिवस आठवत होते. पण जुन्या मैदानाचे कौतुक करून ते थांबले नाहीत. आजचे मैदान दाखवून त्यांनी तिथल्या एकट्या मुलाकडे बोट केले. आपल्याला श्रद्धा मिळाली असेल, तर ती फेडायची जागा स्नेहभोजनाचे ताट नव्हे, तर आज खांबाला टेकून उभा असलेला मुलगा आहे. आणि ज्या सोबत्याने बोर्डिंगबरोबर चर्चही सोडले, त्याला उपदेश नको. आधी त्याच्या घरी जाऊन चहा घेऊ या आणि त्याचे ऐकून घेऊ या.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रार्थना मला कोणी शिकवली? त्या व्यक्तीचे काय आठवते?
२. लहानपणी न सांगता, स्वतःच्या मनाने केलेली एखादी प्रार्थना आठवते का?
३. आपल्या धर्मग्रामात 'खांबाला टेकून उभे' असलेले कोण आहेत? या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाशी मी बोलेन का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू मुलांना जवळ घेतलेस आणि त्यांना आशीर्वाद दिलास. ज्यांनी आम्हांला तुझे नाव घ्यायला शिकवले त्यांना तुझ्या शांतीत ठेव. ज्यांना तुझ्या घरात भीती वाटली त्यांच्या जखमा बऱ्या कर. आमच्या मुलांना आमच्या प्रेमाची खूण पटू दे, म्हणजे तुझ्या प्रेमावर विश्वास ठेवणे त्यांना सोपे जाईल. आमेन.