आधी सांगाडा, मग भाग : संगणकीय रचनेतील शिस्त

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे स्तंभ, स्तंभांतील खाचा आणि त्यांत बसणारे बरगे यांची मापे परस्परांवर अवलंबून असतात. पावसाळा ओसरताच गाळ्यांत बरगे घालून पाणी अडविले जाते. त्या वेळी बरगा आखूड निघाला तर खाचेत टिकत नाही. लांब निघाला तर खाली उतरत नाही. पाणी मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून मापांची संगती रेखाटनातच साधणे अगत्याचे ठरते.

रेखाटनातील मापे नियमांनी बांधण्याची कल्पना अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’द्वारे दाखविली. १९८८ मध्ये ‘प्रो-इंजिनिअर’ ही पॅरामेट्रिक, म्हणजे मापांवर आधारलेली, प्रणाली बाजारात आली. अशा प्रणालीत एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेला आकार आपोआप बदलतो. मात्र हे अवलंबन कोठून कोठे जावे, हे रचनाकारानेच ठरवावयाचे असते. त्यासाठी ‘वरून खाली’ ही पद्धती उपयोगी पडते. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत :

(१) प्रथम मुख्य मापांचा एकच तक्ता करावा व प्रत्येक मापाला अर्थपूर्ण नाव द्यावे. ‘फ्रीकॅड’ या विनामूल्य प्रणालीतही अशा तक्त्याची सोय आहे.

(२) त्यावरून मध्यरेषा, तळपातळी व गाळ्याच्या सीमा एवढाच सांगाडा काढावा.

(३) प्रत्येक भागाने आपली मापे सांगाड्यातूनच घ्यावीत, शेजारच्या भागातून नव्हे. बरगा स्तंभाच्या कडेशी जोडला आणि पुढे ती कड गोलाकार केली, तर जुनी कड नाहीशी होऊन बरग्याचे रेखाटन मोडू शकते.

(४) सर्व भाग एकत्र मांडून कोठे अडथळा येतो काय, हे तपासावे.

उदाहरणार्थ, गाळा २००० मिलिमीटर, प्रत्येक बाजूची खाच १२० मिलिमीटर खोल आणि प्रत्येक टोकाशी मोकळीक २० मिलिमीटर धरली, तर बरग्याची लांबी २२०० मिलिमीटर येते. हे उत्तर तक्त्यात आकडा म्हणून न लिहिता सूत्र म्हणून लिहावे. पुढे गाळा १८०० मिलिमीटर ठरल्यास बरगा आपोआप २००० मिलिमीटरचा होईल. आकडाच लिहिलेला असेल, तर बरगा २२०० मिलिमीटरचाच राहील आणि ती चूक बंधाऱ्यावर गेल्यावर उघडकीस येईल.

सांगाड्यात बदल करण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा आणि प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवावी. तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पहिला भाग काढण्यापूर्वी तक्ता कागदावर मांडावयास लावावे. अवलंबनाची दिशा स्पष्ट असली, तर उशिरा आलेला बदलही काही मिनिटांत सामावून घेता येतो; ती नसली, तर उत्तम प्रणालीदेखील चुकाच अधिक वेगाने पसरविते.