घटक ४ : रेव्हरंड ना. वा. टिळक – पाळक, कवी आणि कीर्तनकार

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा परिचय आपल्याला शालेय वयापासून ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून आहे. हे बिरुद गोड असले तरी अपुरे आहे. त्यामागे एक पाळक झाकला जातो आणि त्या पाळकाने भाषेच्या व समतेच्या प्रश्नांवर घेतलेल्या भूमिकाही झाकल्या जातात. प्रस्तुत घटकात आपण त्यांचाच विचार करणार आहोत.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात ते सहभागी झाले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळी मराठी चर्चमधील उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. परक्या चालीत मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ ओढूनताणून बसवावे लागत. टिळकांना यात केवळ छंदोदोष दिसला नाही. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागते, हा समज त्यातून दृढ होत होता. त्यांनी अभंग, ओवी आणि पदे रचली. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. नगर जिल्ह्यातील मंडळींमध्ये महार व मांग समाजांतून आलेले लोक बहुसंख्य होते. संतांचा अभंग त्यांच्या कानावरचा होता. त्यामुळे नव्या श्रद्धेला जुन्या, ओळखीच्या लयीत स्थान मिळाले. ‘उपासना संगीत’ या संग्रहातून टिळकांची गीते आजही गायिली जातात.

येथे एक शंका उपस्थित करणे योग्य ठरेल. टिळकांची घडण ब्राह्मणी, संस्कृत अध्ययनाची. त्यांची कीर्तनपद्धती हीदेखील उच्चवर्णीय परंपरेचीच देणगी नव्हती काय? काही अंशी होती, असे म्हणावे लागेल. परंतु एकाच पंक्तीत बसण्याचा आग्रह त्यांनी व्यासपीठापुरता ठेवला नाही. त्याची कसोटी घरातच लागली. लक्ष्मीबाई बाप्तिस्म्यापूर्वी पतीकडे परतल्या, तेव्हा त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला होता. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’तील हा भाग विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा, टिळकांचा लहरी, तापट स्वभावही तेथे निःसंकोचपणे येतो. ज्या घरात पैसा टिकत नसे, त्याच घरात अनाथ मुलांना आणि तरुण बालकवींनाही आश्रय मिळाला.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले. परदेशी पैशावर पोसलेला धर्म स्वदेशी कसा होणार, हा त्यांचा प्रश्न होता. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. हे धाडस अनेकांना रुचणारे नव्हते. अवघ्या दोन वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि प्रयोग तेथेच खुंटला. ‘ख्रिस्तायन’चे त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले महाकाव्य, म्हणजे साठाहून अधिक अध्याय, शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केले.

स्वयं-अध्ययन : टिळकांनी अभंग व कीर्तन हे प्रकार का स्वीकारले? ‘स्मृतिचित्रे’तील प्रसंगांच्या आधारे आपले मत लिहा.