पेटंट-विवादातील पूर्वज्ञान आणि द्रव्याचा अंगभूत गुण

द्रव्य आणि गुण यांचा संबंध अवियोज्य असतो. शास्त्रकार त्यास समवाय म्हणतात. पेटंट कायद्यातील अंगभूततेचा सिद्धांत समजून घेण्यास वैद्याला यापेक्षा सोपी वाट नाही. जी वस्तू अगोदरच लोकांस ज्ञात आहे, तिच्यात अपरिहार्यपणे असलेला गुण कोणी आज प्रयोगशाळेत मोजून दाखविला, तरी वस्तू नवी ठरत नाही. पूर्वी ती वापरणाऱ्यास तो गुण ठाऊक होता की नाही, हा प्रश्न गौण होय.

अमेरिकेतील 2003 चा लोराटाडिनविषयक निकाल औषधविक्रेत्या बंधूंना चटकन उमजेल. हे औषध घेणाऱ्याच्या शरीरात डेसलोराटाडिन तयार होतेच. म्हणून त्या पदार्थावर नंतर घेतलेल्या पेटंटातील व्यापक दावे अपिलीय न्यायालयाने अवैध ठरविले. येथे सारी भिस्त 'होतेच' या शब्दावर आहे. 'होऊ शकते' एवढे पुरत नाही.

हळदीच्या प्रकरणात वेगळीच अडचण होती. व्रणरोपणासाठी हळदीच्या वापरावर 1995 मध्ये अमेरिकेत 54,01,504 क्रमांकाचे पेटंट दिले गेले. भारतात घरोघरी हळद जखमेवर लावतात, हे सांगून भागत नव्हते. कारण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसता वापर पूर्वज्ञान म्हणून धरला जात नसे, छापील पुरावा लागे. (ही अट 2013 पासून गेली.) डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 32 संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत व उर्दू ग्रंथांतील उतारे होते, तसाच 1953 चा एक शोधनिबंधही. ऑगस्ट 1997 मध्ये दावे फेटाळले गेले. पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह पुढे 2001 मध्ये सुरू झाला, त्यामागे हाच अनुभव होता.

उपकरणांच्या बाबतीत क्षारसूत्राचा विचार करू. स्नुहीक्षीर व हरिद्रा यांनी भावित सूत्र चक्रदत्तात आहे. आजच्या प्रचलित पद्धतीत 21 लेप असतात. अशाच सूत्राचा जंतुनाशक परिणाम मोजून कोणी दावा केला, तर तो टिकू नये. परंतु लेपाची जाडी सर्वत्र समान ठेवणारे नवे यंत्र कोणी रचले, तर ते चक्रदत्तात अंगभूत आहे असे म्हणता येणार नाही. 'आमच्या ग्रंथांत सर्व काही आहे' हा आपला आवडता युक्तिवाद येथे थिटा पडतो.

भारतीय कायद्याचे कलम 3(पी) पारंपरिक ज्ञानास, तसेच ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांच्या केवळ एकत्रीकरणास, पेटंट नाकारते. कलम 25 नुसार स्थानिक समाजातील मौखिक ज्ञानाच्या आधारेही हरकत घेता येते: मंजुरीपूर्वी कोणासही, मंजुरीनंतर एका वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीस. बौद्धिक संपदा अपील मंडळ 2021 मध्ये रद्द झाल्यापासून अपिले उच्च न्यायालयांत जातात.

खापा-सावनेर परिसरातील एखाद्या वैद्यघराण्याने तीन पिढ्या गुप्त ठेवलेला योग मात्र या कलमाच्या आधाराने सहज वाचत नाही. जे समाजात उपलब्धच नव्हते, ते पूर्वज्ञान कसे ठरणार? असा योग प्रकाशित केला, तर इतरांचे पेटंट अडते, पण गुपितही जाते. ही निवड ज्याची त्यानेच करावयाची आहे. प्रकाशित करावयाचे ठरल्यास घटक, प्रमाण, संस्कार, मात्रा व प्रयोगाचे प्रयोजन स्पष्ट लिहून दिनांकासह छापावे. 'गुणकारी अनुभव' एवढ्या ओळीने हरकतीच्या सुनावणीत काहीही सिद्ध होत नाही.