डेकखाली वाकून पाहणारा माणूस

शार्लट, १८ एप्रिल

चि. ओंकार,



तू पाठवलेली दोन्ही एस्टिमेट्स आणि डेकचे फोटो पाहिले. पहिला म्हणतो, शनिवारी सकाळी येतो, प्रेशर वॉश मारतो आणि संध्याकाळपर्यंत सीलर लावून मोकळा होतो. दुसरा तीन खेपा घालणार, पैसे जवळपास दुप्पट घेणार, वर आठवडाभर डेक वापरू नका म्हणणार. तुला पहिला पटलाय हे तुझ्या मेसेजवरून कळलंच. मी तुझ्या जागी असते तर दुसऱ्याला बोलावलं असतं.

तो आकडा सांगण्याआधी टॉर्च घेऊन डेकखाली गेला आणि घर कधी बांधलं ते विचारत बसला, असं तू जरा थट्टेने लिहिलंयस. अरे, तोच तर प्रश्न विचारायला हवा. तुमचं घर १९९८ चं. त्या काळी इकडे डेकला जे प्रेशर ट्रीटेड पाइन वापरत, त्यात वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने भरलेलं असे. घरगुती कामासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं. मधल्या कुणी मालकाने डेक नवा बांधला असेल तर टाउनशिपकडे परमिट सापडेल. नाही सापडलं तर लाकूड तेच आहे असं धरून चाल. घाबरण्यासारखं काही नाही, पण त्या लाकडाला सँडर लावायचा नाही आणि उखडलेल्या फळ्या शेकोटीत घालायच्या नाहीत. ब्लीच किंवा कडक डेक क्लीनरही नको, त्याने आतलं विष मोकळं होऊ शकतं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आत मुरणारा सीलर दर एक-दोन वर्षांनी लावला की आर्सेनिक बाहेर येणं कमी होतं. ईरा आता रांगते, तेव्हा डेकवरून आत आणलं की तिचे हात धुवा. आणि अदितीचा डेकच्या कडेने मेथी-कोथिंबीर पेरायचा बेत असेल तर वाफे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला करायला सांग. पावसाने जे झिरपतं ते त्याच मातीत उतरतं.

आता त्या प्रेशर वॉशचं. पाइन मऊ लाकूड. त्याला ५००-६०० पीएसआयचा दाब आणि रुंद फवाऱ्याचं नोझल पुरतं, तेही फळीपासून फूटभर लांब धरून. भाड्याची यंत्रं सहज अडीच हजारांच्या वर जातात. घाईतला माणूस तोच दाब जवळून मारतो. मळ झटकन निघतो, डेक पांढरा दिसतो, तू खूश. पण लाकडाचा वरचा मऊ भाग खरवडला जातो, तंतू उभे राहतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच कुसळांवर पोरीचे गुडघे सोलवटतात.

धुतल्यावर लाकूड सुकायला हवं. निदान दोन कोरडे दिवस, सावलीतल्या बाजूला त्याहून जास्त. जाणता माणूस मॉइश्चर मीटर टोचून बघतो आणि ओल १५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय डबा उघडत नाही. सकाळी धुऊन दुपारी सीलर लावणं म्हणजे ओल्या भिंतीला डिस्टेंपर फासणं. म्हणून दुसऱ्याच्या तीन खेपा मला खटकल्या नाहीत. मधल्या वाट पाहण्याचेच तो पैसे मागतो आहे, आणि ते दे.

काय लावणार तेही विचार. निव्वळ पारदर्शक सीलर पाणी अडवतो, ऊन अडवत नाही, त्यामुळे लाकूड वर्षभरात करडं पडतं. रंगासारखा जाड थर पायाखाली सोलतो आणि मग तो काढायला खरवडावंच लागतं, जे तुमच्या लाकडाला चालणार नाही. आत मुरणारा सेमी-ट्रान्सपरंट ऑइल स्टेन घ्या, पातळ हात, वरचं जास्तीचं तेल पुसून. तेलाची फडकी चुरगळून गराजमध्ये टाकू देऊ नकोस. ती आपोआप पेट घेतात. पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायची.

हे सगळं वरचं. माझं लक्ष फोटोत खाली आहे. डेक घराला जिथे जोडलाय तो आडवा लेजर बोर्ड पाहिलास? मला तिथे खिळे दिसले, बोल्ट दिसले नाहीत, आणि फळीच्या वर पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची फ्लॅशिंगही दिसली नाही. फोटोवरून छातीठोक सांगत नाही. पण डेक कोसळतात ते बरेचदा याच सांध्यात. कॅलिफोर्नियात बर्कलीला २०१५ च्या जूनमध्ये वाढदिवसाच्या पार्टीत बाल्कनी तुटून सहा तरुण मुलं गेली. अडकलेल्या पाण्याने आतलं लाकूड कुजलं होतं. घरगुती डेकचा हिशेब साधारण चौरस फुटाला ४० पौंडांचा. तुमच्या बारा बाय सोळाला ते होतात साडेसात हजारांच्या थोडे वर. गणपतीच्या आरतीला पन्नास माणसं डेकवर उभी राहिली की जवळपास तेवढं वजन झालंच, आणि हा हिशेब न कुजलेल्या लाकडाचा, नीट बोल्ट मारलेल्या डेकचा. स्क्रू ड्रायव्हर घे, लेजर आणि खांबांच्या तळाशी टोचून बघ. सहज आत गेला तर धुणं-रंगवणं राहू दे, आधी बांधकामाचा माणूस आणि टाउनशिपचा इन्स्पेक्टर. धुणाऱ्याकडूनच सांधा ठोकून घ्यायचा मोह नको, दोन्ही कामं वेगळी आहेत.

कागदाचं लांबवत नाही. न्यू जर्सीत अशा काँट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी लागते, क्रमांक १३व्हीएचने सुरू होतो, तो साइटवर तपास. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारावरच, आणि सही केल्यावरही कामकाजाच्या तीन दिवसांत तुला तो रद्द करता येतो. विम्याचं सर्टिफिकेट थेट त्याच्या एजंटकडून मागव. करारात स्टेनचं नाव, किती हात, आणि रेलिंग व पायऱ्या धरल्यात की नाही हे लिहिलेलं असू दे. पहिल्याच्या कागदावर नुसतं ‘सील डेक’ आहे. निम्म्याहून जास्त पैसे आधी मागणाऱ्याला नमस्कार.

पाइनचे पराग झडून गेले की मेअखेरीस हवा चांगली असते. त्याआधी दुसऱ्याला फोन कर, त्याला लेजरबद्दल विचार, आणि तो काय म्हणतो ते मला कळव. सही करण्याआधी करार पाठव, मी वाचून ठेवते. अदितीला आणि ईराला आशीर्वाद.

तुझी,
सुमाआत्या