काढा, अर्क, मलम आणि ‘दोन गोळ्या’

आपल्या घरातल्या औषधांची नावं एकदा ओळीने म्हणून पाहा: काढा, चूर्ण, चाटण, लेप, मलम, अर्क, गुटी. यातलं एकही नाव आत काय आहे ते सांगत नाही. औषध कसं तयार केलं किंवा कसं द्यायचं, एवढंच ते सांगतं. म्हणजे ही सगळी औषधाच्या रूपाची नावं आहेत. या रूपात बरंच रसायनशास्त्र दडलेलं असतं. पण परदेशात राहताना फक्त रूपाच्या नावावर विसंबणं महागात पडू शकतं. आज या दोन्ही बाजू पाहू.

पाणी, वाफ आणि तेल

‘काढा’ हा शब्द संस्कृत ‘क्वाथ’पासून आला. दुधाला येतो तो ‘कढ’ याच कुळातला. काढ्यात द्रावक असतं उकळतं पाणी. त्यामुळे वनस्पतीतले पाण्यात विरघळणारे पदार्थ त्यात उतरतात, आणि सुवासिक, उडनशील तेलं बरीचशी वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघरात काढ्याचा जो वास दरवळतो, तो म्हणजे कपात न उतरलेलं औषधच!

‘अर्क’ याच्या बरोबर उलट. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. ऊर्ध्वपातनात वाफ थंड होऊन थेंब थेंब गोळा होते, ती घामासारखी दिसते म्हणून हे नाव. काढ्यातून उडून जातं, नेमकं तेच अर्कात जमा होतं. ओव्याचंच उदाहरण घ्या. त्यातलं थायमॉल उडनशील आहे. त्यामुळे ओवा उघड्या भांड्यात खूप वेळ उकळला तर थायमॉल कमी होत जातं, अर्कात मात्र ते भरपूर मिळतं. वनस्पती एकच, पण रूप बदललं की हाती येणारं मिश्रण बदलतं.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. लेपासाठी हळद तेलात कालवण्यामागे हे एक रासायनिक कारण दाखवता येतं.

आता ‘मलम’. हा शब्द अरबी-फारसी ‘मरहम’वरून आला. आपण ट्यूबमधल्या कुठल्याही औषधाला मलमच म्हणतो, पण फार्मसीत त्याचे निदान दोन प्रकार असतात. ऑइंटमेंटचा पाया बहुधा पेट्रोलियम जेलीसारखा स्निग्ध असतो. क्रीममध्ये तेल आणि पाणी एकत्र घुसळलेलं असतं, म्हणजे ते इमल्शन. ऑइंटमेंटचा थर त्वचेतलं पाणी उडू देत नाही, आणि ओलावा धरलेल्या त्वचेतून औषध सहसा जास्त आत जातं. म्हणून एकाच टक्केवारीचं स्टेरॉइड ऑइंटमेंटमध्ये अनेकदा क्रीमपेक्षा तीव्र ठरतं. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेला ऑइंटमेंट बरं, पाझरणाऱ्या जागेला क्रीम. डॉक्टरांना ‘मलम लावलं होतं’ एवढंच सांगितलं, तर अर्धी माहिती गाळलेली असते.

वेढे आणि मिलिग्रॅम

बाळगुटी देताना सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, असा हिशोब असतो. हे मोजमापच आहे, पण उगाळणाऱ्याचा हात आणि सहाणेचा खरखरीतपणा यांनुसार ते बदलतं. आधुनिक औषधाची गोळी मात्र मिलिग्रॅमपर्यंत नेमकी असते. तरीही फोनवर आपण आई-बाबांना सांगतो, ‘तापाच्या दोन गोळ्या घ्या.’

या दोन गोळ्या म्हणजे किती? भारतात पॅरासिटामोलची ६५० मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, म्हणजे १,३०० मिलिग्रॅम. ब्रिटनमधली नेहमीची गोळी ५०० ची, म्हणजे १,०००. अमेरिकेतली ‘रेग्युलर’ गोळी ३२५ ची, म्हणजे ६५०. वाक्य तेच, मात्रा दुप्पट किंवा निम्मी.

त्यात अमेरिकेत पॅरासिटामोल हे नावच चालत नाही, तिथे ते अ‍ॅसिटॅमिनोफेन असतं. रेणू एकच आहे. पॅरा-अ‍ॅसिटिल-अमिनो-फेनॉल या लांबलचक रासायनिक नावातली वेगवेगळी अक्षरं उचलून ही दोन नावं तयार झाली. टायलेनॉल हे ब्रँडनावसुद्धा त्याच अक्षरांतून आलं. आखातात तेच पॅनाडॉल, आपल्याकडे क्रोसिन.

आता कल्पना करा, सहा महिन्यांसाठी आलेले बाबा सोबत आणलेली क्रोसिन घेतात. सर्दी हटत नाही म्हणून तुम्ही दुकानातून सर्दीचं सिरप आणता. रात्री डोकं दुखतं म्हणून ते वर टायलेनॉल घेतात. त्यांच्या लेखी ही तीन वेगळी औषधं आहेत. यकृताच्या लेखी ते एकच असू शकतं, कारण सर्दीच्या अनेक मिश्रणांतही अ‍ॅसिटॅमिनोफेन असतं.

निरोगी प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा साधारण ४,००० मिलिग्रॅम मानतात. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजचं मद्यपान असेल, तर ती याहून कमी. या औषधाचा थोडा भाग यकृतात एका घातक पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. खरी अडचण अशी, की पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठीक दिसू शकतो. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच पूर्ण उपयोगी पडतो. म्हणून जास्त घेतल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या पॉइझन कंट्रोलच्या क्रमांकावर फोन करा, ब्रिटनमध्ये १११ वर.

दोन नावांची आणखी औषधं

दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामोल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. अ‍ॅड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन असतं. पहिलं नाव लॅटिन, दुसरं ग्रीक. दोन्हींचा रोख मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या सामायिक नावांची पहिली यादी १९५३ मध्ये काढली, तरी जुनी नावं टिकून आहेत.

तेव्हा आई-बाबा येणार असतील, तर त्यांच्या प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं नाव एका कागदावर मराठीत लिहा. समोर इथलं नाव, एका गोळीतले मिलिग्रॅम आणि दिवसाची कमाल मात्रा. काढे, चूर्णं आणि गुट्याही त्याच कागदावर घटकांसकट येऊ द्या. हा कागद फ्रिजवर लावा, आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्या.