अर्धं छप्पर हिरवं, अर्धं काळं : शिकागोच्या जुन्या कचेरीवरून एक पाठ



‘पर्यावरण’ म्हटलं की मुलांच्या निबंधात काय येतं, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. झाडे लावा, झाडे जगवा. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात एकही आकडा नसतो. झाडामुळे गारवा येतो, तर नेमका किती? कशाच्या तुलनेत? हे विचारायची सवय लागावी म्हणून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एका खऱ्या इमारतीचा हा पाठ देत आहे.

अमेरिकेतल्या शिकागो शहराची महापालिका 1911 साली बांधलेल्या अकरा मजली दगडी इमारतीत आहे. गंमत अशी की इमारत एक, पण मालक दोन. एक अर्धा भाग महापालिकेचा आणि दुसरा अर्धा कुक काउंटीचा. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. म्हणजे एकाच छपराखाली महापालिका आणि जिल्हा कचेरी.

जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली आणि काही दिवसांत 700 पेक्षा जास्त माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. वरच्या मजल्यांवरच्या, दिवसभर तापलेल्या आणि रात्रीही न निवणाऱ्या खोल्यांनी घात केला. वर्गात हा भाग घाईने उरकू नका. शहर गावापेक्षा जास्त का तापतं, हा प्रश्न इथूनच मुलांच्या मनात शिरतो. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते परत देत राहतात.

पुढे महापौर रिचर्ड डेली यांच्या काळात, 2000 साली, महापालिकेने आपल्या वाट्याच्या गच्चीवर बाग केली. सुमारे 20,300 चौरस फूट लागवड, 150 हून अधिक जातींची जवळपास 20,000 रोपं. शेजारची काउंटीची अर्धी गच्ची मात्र तशीच काळ्या डांबराची राहिली. त्यामुळे विज्ञान शिक्षकाला हवा असतो तसा प्रयोग आपोआप मांडला गेला: तीच इमारत, तेच ऊन, तोच वारा, फरक फक्त वरच्या थराचा.

9 ऑगस्ट 2001 च्या दुपारी पावणेदोन वाजता तिथे तापमान मोजलं. हवा नव्वदीच्या घरात होती, फॅरनहाइटमध्ये. काळी गच्ची 169 अंश. बागेतला फरशीचा भाग 126 ते 130. आणि रोपांचा भाग 91 ते 119. सेल्सिअसचं रूपांतर मुलांनाच करू द्या: 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा. काळी गच्ची येते 76 अंश, रोपांची 33 ते 48. आता त्यांना विचारा, रोपांच्या भागातच 33 आणि 48 एवढी तफावत का? कुठे पानं दाट असतील, कुठे माती उघडी असेल, कुठे ओल कमी असेल. उत्तर एकच नाही आणि तेच बरं आहे.

गारवा फक्त सावलीमुळे येत नाही. दहावीला आपण अप्रकट उष्मा शिकवतो आणि मुलं व्याख्या पाठ करून मोकळी होतात. तो धडा इथे जोडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट. पानांतून निघणारं पाणी ही उष्णता घेऊन जातं.

शाळेत करायला सोपा प्रयोग: एकाच मापाचे तीन पत्र्याचे डबे घ्या, बिस्किटांचे चालतील. एकाचं झाकण काळं रंगवा, दुसऱ्यावर कोरडी माती पसरा, तिसऱ्यावर मातीसकट उपटलेली ओली हिरवळ ठेवा. आत प्रयोगशाळेतला थर्मामीटर घालून अकरा ते दोन दर अर्ध्या तासाने नोंद घ्या. कोरोनाच्या वेळी घेतलेलं कपाळाचं यंत्र वापरू नका, ते ताप मोजण्यासाठी आहे, त्याची मर्यादा लगेच संपते. दुसरा डबा मुद्दाम ठेवलाय. मातीच्या थराचा परिणाम किती आणि पाण्याचा किती, हे त्यामुळे वेगळं कळतं.

आता वजनाची गोष्ट, कारण उत्साहाच्या भरात हीच विसरली जाते. ओल्या साध्या मातीचा चार इंच थर एका चौरस मीटरवर साधारण 180 किलो भरतो. शिकागोची लागवड सुमारे 1,886 चौरस मीटर. गुणाकार केला तर 340 टनांच्या आसपास! म्हणूनच तिथे साधी माती न घालता हलकं मिश्रण वापरलं. थर कुठे चार इंच, कुठे सहा आणि इमारत पेलेल तिथे चोवीस इंचांपर्यंत ठेवला. त्याखाली पाणी अडवणारा थर, मुळं रोखणारा थर आणि निचऱ्याची सोय. तुमच्या शाळेच्या जुन्या स्लॅबवर ‘हरित उपक्रम’ म्हणून मातीच्या गोण्या चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. फोटो चांगला येतो, पण खाली मुलं बसलेली असतात.

आणि शिकागोची नक्कल आपल्याकडे जशीच्या तशी चालेल, असंही नाही. तिथे बर्फ पडतं. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. उन्हाळ्यात टँकर मागवून गच्चीवरची हिरवळ जगवणं मला तरी पटत नाही. आपल्या जुन्या सरकारी कचेऱ्यांत उंच छत, जाड दगडी भिंती, रुंद व्हरांडे होतेच. नूतनीकरणाच्या नावाखाली आपण ते व्हरांडे काचा लावून बंद केले, खोटं छत बसवलं आणि मग एसी लावला. अशी इमारत सुधारताना पहिलं काम कधी कधी एवढंच असतं, की बंद केलेलं उघडायचं आणि पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवायचा.

पालकांसाठी घरचा अभ्यास: सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ओळखीच्या घरी मुलासोबत रात्री नऊ वाजता जा. खोलीचं तापमान मोजा. मग तसंच तळमजल्यावर मोजा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून शाळेत पाठवा. आठवडाभराच्या नोंदी जमल्या की फळ्यावर आलेख काढता येईल.